पडून असलेले धागे

मला अडगळ सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हेतू काय होता याविषयी कोणाच्या मनात शंका राहायला नको. अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात मी स्टोअरला सुपरवायझर आहे. बावीस वर्षं झाली. माझ्या स्टोअरमध्ये डोळे बांधून शिरलात तरी पाव इंची नट कुठल्या कप्प्यात आहे ते हाताला लागेल. आजवर कोणी डोळे बांधून शिरलेलं नाही, पण शिरलंच तर आमची तयारी आहे.

तर अशा माझ्या हाती २००८ च्या जानेवारीत विष्णुपंत पेंडशांनी 'जुना रेडिओ मंडळ' सोपवलं. या मंडळाला खोली नाही, पाटी नाही, सतरंज्या नाहीत. ते इंटरनेटवर आहे. जुने रेडिओ जमवणारे, दुरुस्त करणारे आणि नुसतेच त्यांच्याकडे बघत बसणारे असे चारशे लोक तिथे एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं देतात. विष्णुपंत बदलापूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. मंडळ पाच वर्षांपूर्वी त्यांनीच काढलं. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघायची बंदी केली, म्हणून त्यांनी मला फोन करून पासवर्ड सांगितला. कोणी ऐकू नये म्हणून ते इतकं हळू बोलत होते की मला तीनदा विचारावं लागलं, आणि चौथ्यांदा त्यांनी तो ओरडून सांगितला.

पासवर्डाबरोबर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मंडळावर फार पसारा झालाय, नव्या माणसाला काही सापडत नाही, तेवढं आवरा. दुसरी सांगताना त्यांचा आवाज बदलला. "ओव्हाळ, काय वाटेल ते करा, पण धोंडिबांना दुखवू नका. ते गेले तर मंडळात राम राहणार नाही."

धोंडिबा शेजवळ हे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. सगळा जन्म त्यांनी रेडिओच्या कारखान्यात जोडणीच्या लाइनवर काढला आणि निवृत्त होऊन बदलापूरला राहिले. एकोणसत्तराव्या वर्षी ते स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन एका बोटाने टाइप करायला शिकले. तेव्हापासून रोज सकाळी दहा ते अकरा ते मंडळावर येत आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. बोट एकच असल्यामुळे उत्तर लांबत नसे. कोणी अर्धं पान भरून लिही की रेडिओ घूं घूं करतो, आजोबांची आठवण आहे, वडिलांनी लग्नात घेतला होता. त्याखाली धोंडिबांचं उत्तर असे: 'मोठा कंडेन्सर बदला. लागेल.' मला स्वतःला त्यांचा फार धाक वाटे.

आता पसाऱ्याविषयी. मंडळात एकेचाळीस विभाग होते. त्यातला 'अँटेना' विभाग उघडला की सर्वांत वर 'बदलापूरला आज पाणी आलं का' हा धागा दिसे. (मंडळावर एका विषयावर जी बोलणी चालतात त्यांना धागा म्हणतात.) त्यात अकराशे प्रतिसाद होते. 'दुरुस्ती' विभागात गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. 'सुट्टे भाग' विभागात एक स्थळ सुचवलेलं होतं, मुलगी बी.कॉम., आणि त्याला तिघांनी पत्रिका मागवणारे प्रतिसाद दिले होते. पानाच्या डोक्यावर एक पट्टी सरकत असे, तिच्यावर २००४ च्या दिवाळीच्या शुभेच्छा होत्या. पान उघडायला चाळीस सेकंद लागत. मी कारखान्याच्या शिस्तीने घड्याळ लावून मोजले होते.

मी कामाला लागतोय हे पाहून आमच्या सौभाग्यवती, यशोधरा, एवढंच म्हणाल्या की आधी माळा आवरा. आमच्या माळ्यावर अकरा रेडिओ आहेत आणि त्यातला एकही वाजत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण माळा आणि मंडळ यांची गल्लत करणं बरोबर नाही. माळा हा संग्रह आहे. हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं आणि तिनेही शांतपणे स्टूल आणून माळ्याखाली ठेवलं. ते स्टूल पुढचे दोन महिने तिथेच होतं आणि माझी नडगी त्याला रोज आपटत होती.

शेजारच्या हेमंतने मात्र गंभीरपणे लक्ष घातलं. आमच्या बिल्डिंगमध्ये ब्रॉडबँड पहिल्यांदा त्याच्याकडे आलं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा धरतात. तो म्हणाला, दादा, काहीही करायच्या आधी बॅकअप घ्यायचा, म्हणजे बिघडलं तर परत आणता येतं. मला हे पटलं. स्टोअरमध्येही आम्ही प्रत्येक कागदाची तिसरी प्रत ठेवतो. हेमंतने कोरी सीडी मागवली, माझ्या कॉम्प्युटरवर बसला, काहीतरी ओढून काहीतरी सोडलं, सीडी फिरली आणि बाहेर आली. तिच्यावर मी मार्करने 'मंडळ, संपूर्ण' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि ती कपाटात पॉलिसीच्या कागदांखाली ठेवली.

सुरुवात मी सह्यांपासून केली. मंडळात प्रत्येकाला आपल्या लिखाणाखाली कायमची सही ठेवता येते, आणि लोकांनी त्या सोयीचा फार गैरफायदा घेतला होता. वांगणीजवळच्या पाड्यावरचा हिरामण दोन शब्द लिही आणि खाली चार फोटो येत: रेडिओ, बैल, रेडिओसकट बैल, आणि स्वतः हिरामण. मी सगळ्यांच्या सह्या एका झटक्यात बंद केल्या. हिरामणने त्याच दिवशी मंडळाचा राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी 'माझा राजीनामा: काही विचार' असा नवा धागा काढला आणि त्याला सत्तर प्रतिसाद आले. मी खचलो नाही. एकेचाळीस विभागांचे पाच केले, सरकती पट्टी काढली, स्थळाच्या धाग्यावर 'विषयांतर' असा शेरा मारला. त्यावर मुलीच्या मामांनी मला पत्र लिहून कळवलं की लग्न ठरलंय, शेरा काढा, सासरची मंडळी बघतात.

नव्या माणसांसाठी मी एक नियमही केला. ज्याचे दहाहून कमी लेख आहेत तो नवा सदस्य, त्याचं लिखाण व्यवस्थापकाच्या मंजुरीनंतरच दिसेल, आणि त्याला आपोआप स्वागताचं पत्र जाईल. पत्र मी स्वतः लिहिलं होतं. त्यात 'प्रश्न विचारण्यापूर्वी जुनं वाचावं, ज्येष्ठांचा मान राखावा' अशी दोन चांगली वाक्यं होती.

एवढं करूनही पान उघडायला तीस सेकंद लागतच होते, कारण मंडळात एकूण सहाशे तीस धागे होते. इथे माझा बावीस वर्षांचा अनुभव कामी आला. स्टोअरमध्ये ज्या मालाच्या कार्डावर तीन वर्षांत एकही नोंद होत नाही, तो आम्ही नॉन-मूव्हिंग धरतो. त्याला लाल पट्टी लागते, समिती येते, माल कंडेम होतो आणि जागा मोकळी होते. यात भावनेचा प्रश्न येत नाही. कोणी मागत नाही, म्हणजे कोणाला नको. मंडळ लहान असल्यामुळे मी तीन वर्षांऐवजी एक वर्ष धरलं आणि यादी काढली. ज्यांच्यावर वर्षभरात कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही असे धागे निघाले चारशे बारा. मी काही उघडूनही पाहिले. एक प्रश्न, एक उत्तर, खलास. पुढे सगळी सामसूम.

रविवारी सकाळी अंघोळ करून मी बसलो. समितीचे तिन्ही सभासद मीच होतो. चारशे बारा चौकोनांत खुणा केल्या, बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. मग पान उघडून घड्याळ लावलं. नऊ सेकंद. मी यशोधराला बोलावून दाखवलं. ती म्हणाली छान, आणि माळ्याकडे बघून पोळ्या लाटायला गेली.

सोमवारी संध्याकाळी मंडळावर कल्याणच्या कोणा नव्या माणसाचा प्रश्न आला. डायलची दोरी तुटली आहे, काटा सरकत नाही, दोरी कशी ओवायची? मला आनंद झाला. असा प्रश्न पूर्वी दहा वेळा येऊन गेला होता आणि आता नीटनेटक्या मंडळात त्याचं उत्तर चुटकीसरशी सापडणार होतं. मी शोधलं. सापडेना. दोरी, काटा, डायल, सगळे शब्द घालून पाहिले. दोरीविषयी एकच धागा मिळाला, आणि त्यात दोघं जण रेडिओवरचं झाकण लोकरीचं असावं की दोऱ्याचं यावर चौदा महिने भांडत होते.

मग मी उरलेले दोनशे अठरा धागे पहिल्यांदाच ओळीने उघडले. पाणी आलं का. शुभ सकाळ. कुठल्या कंपनीचा आवाज गोड, भाग सात. हिरामणचे राजीनामे, एकूण पाच. झाकण. मुलीचं स्थळ. यात रेडिओ कसा दुरुस्त करायचा हे कुठेही नव्हतं. तेवढ्यात विष्णुपंतांचा फोन आला. त्यांना डोळ्यावर पट्टी असूनही कळलं होतं.

"ओव्हाळ, अहो, उत्तर मिळाल्यावर माणूस त्या धाग्यावर कशाला येईल? तो रेडिओ ऐकत बसेल. भांडण तेवढं वर्षभर चालतं. तुम्ही नेमकं भांडण ठेवलंत आणि उत्तरं फेकलीत."

मी म्हटलं की नियमाप्रमाणे... आणि थांबलो. मग त्यांनी विचारलं, धोंडिबांचं काय? मी घाईघाईने धोंडिबांचं पान उघडलं. त्यांची सगळी उत्तरं त्या चारशे बारा धाग्यांत होती. पाच वर्षांच्या मजकुरासमोर आता आकडा होता शून्य आणि नावाखाली कॉम्प्युटरने आपणहून लिहिलं होतं: नवा सदस्य. माझं स्वागताचं पत्र त्यांना सकाळीच गेलेलं होतं. ज्येष्ठांचा मान राखावा, वगैरे. आणि मंजुरीच्या रांगेत त्यांचा एकच लेख पडून होता, सकाळपासून माझी वाट पाहत.

'माझे लिहिलेले दिसत नाही. माझी काही चूक झाली असल्यास कळवावे. धोंडिबा.'

मी तो लेख मंजूर केला. दुसरं काय करणार? त्याखाली माफी लिहायला बसलो, चार वेळा लिहिली, चार वेळा पुसली. सरकारी नोकरीत माफीचा मसुदा करायची सवय राहत नाही. शेवटी 'तांत्रिक अडचण, लवकरच दूर होईल' असं लिहिलं आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कारखान्यातून चोरून मंडळ उघडलं. धोंडिबा आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

हेमंतला बोलावून मी पॉलिसीखालची सीडी काढली. ती त्याने लावली. तिच्यावर एक चित्र होतं, मंडळाचं नाव लिहिलेलं, एवढंएवढंसं. त्यावर टिचकी मारली की मंडळाचं पान उघडत होतं. आत्ताचं, नऊ सेकंदांचं. हेमंतने नुसता पत्ता सीडीवर उतरवून घेतला होता. तो म्हणाला, दादा, इंटरनेटच्या बाबतीत हा चान्स असतोच, आणि आपल्या घरी दूध उतू जातंय असं सांगून गेला. ज्या परदेशी कंपनीने मंडळाला फुकट जागा दिली होती तिला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पुढच्या आठवड्यात आणखी एक आलं, त्यात त्यांनी विचारलं होतं की आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

नवव्या दिवशी बदलापूरला विष्णुपंतांच्या घरी सभा भरली. सात जण आले. धोंडिबांच्या घरी शिष्टमंडळ न्यावं असं एकमताने ठरलं, आणि शिष्टमंडळात कोण असावं यावर दीड तास गेला. मी एकट्याने जावं असा ठराव शेवटी सहा विरुद्ध एक मतांनी पास झाला. रिकाम्या हाताने जाऊ नका, असं विष्णुपंतांनी दारात सांगितलं. पेढे नेऊ का, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे एका उघड्या डोळ्याने इतका वेळ पाहिलं की मी रिक्षा शोधायला लागलो.

गेलेली उत्तरं परत मिळवायची वाट दाखवली ती हिरामणने. त्याचा फोन आला तेव्हा मी सहाव्या राजीनाम्याची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "मी मंडलात नाय आता, ते वेगलं. पन कॅम्प दोनला टेकचंदच्या दुकानात जा. म्हाताऱ्याचा येक येक कागद त्याच्याकडं टांगलेला हाय. माझा रेडिओ त्यानंच केला, म्हनून ठावं."

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेलो. (तिथल्या भागांना नंबराने कॅम्प म्हणतात.) कॅम्प दोनच्या बाजारात, जीन्सच्या गठ्ठ्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या मधे एक बोळ आहे, त्यात दुरुस्तीची आठ-दहा दुकानं एकाला एक लागून. टेकचंदचं शेवटचं. या बोळात कॉम्प्युटर कोणाकडेच नव्हता. पण नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याला सगळ्यांनी मिळून सांगून ठेवलं होतं की मंडळावर धोंडिबांचं उत्तर आलं की छापून आणायचं. असे पाच वर्षांचे कागद टेकचंदने भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवले होते, किराणा दुकानात बिलं ओवतात तसे. बोळातला कोणीही कारागीर यायचा, कागद चाळायचा, हवा तो काढायचा, काम झालं की परत ओवायचा. मी मोजले. एकशे चौऱ्याहत्तर.

मी कागद घरी न्यायची गोष्ट काढताच टेकचंदने चष्मा कपाळावर चढवला. "साईं, ये धोंडिबा साहब का कागज है. घर नहीं जाएगा. इधर बैठो, लिखो, चाय पियो."

म्हणून मी रोज कारखाना सुटला की रिक्षाने उल्हासनगरला जाऊन त्या दुकानात एका उलट्या डब्यावर बसू लागलो आणि वहीत उतरवू लागलो. सुपरवायझर माणूस. पहिल्याच दिवशी एका बाईंनी माझ्या मांडीवर मिक्सर ठेवला आणि चटणी बारीक होत नाही असं सांगून त्या भाजी आणायला गेल्या. तिसऱ्या दिवशी टेकचंदने मला तार धरायला सांगितली. पाचव्या दिवशी माझ्या कारखान्यातले मोठे साहेब टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि मला तिथे बघून अतिशय समजूतदारपणे म्हणाले, ओव्हाळ, घरची काही अडचण असेल तर बोला.

कागदांची दशा काय सांगू. चहाचे गोल, तेलाचे डाग, सोल्डरच्या चटक्यांची भोकं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे त्यांवर कारागिरांनी केलेलं लिखाण. मजकुरावर, मजकुराच्या आडवं, समासात, मागे. कुठे बरोबरच्या खुणा, कुठे तारखा, कुठे हिंदीत, कुठे मराठीत, काही तर सिंधीत, ते मला वाचताही येईना. धोंडिबांच्या नऊ शब्दांवर दुसऱ्यांचे वीस. ज्याने हिरामणच्या चार फोटोंना मंडळात जागा दिली नाही तो मी हे कसं चालवून घेणार? मी ब्लेड आणि खोडरबर घेऊन बसलो. पेनाचं निघेना, पेन्सिलीचं थोडं निघालं, तेवढ्यात टेकचंदने पाहिलं आणि माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं. त्या दिवशी मला चहा आला नाही.

सोळा दिवसांनी वही पुरी झाली. ती मी घरी टाइप केली, फक्त धोंडिबांचे शब्द, बाकीचा सगळा कचरा गाळून. विषयवार लावली, अनुक्रमणिका केली, पानांना आकडे दिले, वर पारदर्शक कव्हर लावून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. खरं सांगतो, इतकं सुंदर काम मी सरकारसाठी कधी केलेलं नाही. पण सतरा ठिकाणी डागांमुळे अक्षर लागत नव्हतं, ते धोंडिबांनाच विचारणं भाग होतं. तेव्हा कुठे टेकचंदने मूळ कागद एका दिवसापुरते दिले, आणि हमी म्हणून माझा कारखान्याचा पास ठेवून घेतला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर, ज्याला मी बावीस वर्षं रोज नमस्कार करतो त्या पहारेकऱ्याने मला तुम्ही कोण म्हणून विचारलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथूनच बदलापूर गाठलं.

धोंडिबांचं घर गल्लीच्या टोकाला, बैठं. दारात त्यांची सून सुषमा तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, बाबा हल्ली बाहेर जातच नाहीत, दहा वाजले की उठतात, शर्ट घालतात आणि परत काढून ठेवतात. तिने हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज सांगितलं, आणि त्यानेच मला जास्त लागलं. आत धोंडिबा खाटेवर बसले होते, बनियनवर. बारीक, ताठ, पांढरी दाढी दोन दिवसांची. मी जय भीम केला, त्यांनी जय भीम केला आणि मला खुर्ची दिली. पाठ करून आणलेली माफी मी एका दमात म्हणून टाकली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"तुम्ही काढलंत ते बरंच झालं," ते म्हणाले. "माझीच चूक होती. मला वाटलंच होतं."

माझ्या काही लक्षात येईना. मी बाइंडिंग केलेलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, अनुक्रमणिका पाहिली, चार पानं उलटली, आणि चांगलं केलंय म्हणून बाजूला ठेवलं. सोळा दिवसांच्या कामाला एक मिनिटही नाही. मी जरा दुखावलोच. मग सतरा शंका विचारायला म्हणून टेकचंदच्या कागदांचा गठ्ठा पिशवीतून काढला आणि आधीच सांगून ठेवलं की कागद फार घाण आहेत, कारागिरांनी वाटेल ते खरडून ठेवलंय, तिकडे लक्ष देऊ नका.

त्यांनी पहिला कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. लागला, सात ऑगस्ट, कॅम्प तीन. त्यांनी दुसरा पुढे केला. चालू हो गया, एकदम साफ. तिसऱ्यावर लिहिलं होतं, तीन वर्षांनी लागला, म्हातारीने पेढे दिले. चौथ्यावर नुसती बरोबरची खूण आणि तारीख, त्याखाली दुसरी खूण आणि दुसरी तारीख, असं सहा वेळा. धोंडिबांनी उशीखालून चष्मा काढला आणि माझ्या हातातला सगळा गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला. आपण काय लिहिलं होतं ते एकाही कागदावर त्यांनी वाचलं नाही. जे मी गाळलं होतं तेवढंच वाचत राहिले. सिंधीतली अक्षरं त्यांनाही येत नव्हती, पण तारीख ओळखू येत होती, तिच्यावर ते बोट ठेवत.

"पाच वर्षं मी लिहितोय," ते खाली बघतच म्हणाले. "माझं उत्तर गेलं की माणूस परत काही बोलतच नाही. लागला नाही, असंही म्हणत नाही. मी म्हणायचो, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत असतील. एकाचाही लागला नसेल. मग तुम्ही सगळं काढून टाकलंत, मला वाटलं, बरोबर आहे."

त्या सामसुमीचा मी एक अर्थ लावला होता, त्यांनी दुसरा लावला होता, आणि इकडे कॅम्प दोनच्या बोळात एकशे चौऱ्याहत्तर कागद तारेला लटकत होते. मला रडू येत होतं, आणि सुपरवायझर म्हणून ते योग्य दिसलं नसतं, म्हणून मी सुषमाला पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तर धोंडिबांनी तिला खाली बसवलं आणि पहिल्यापासून वाचून दाखवायला सुरुवात केली. लागला, सात ऑगस्ट, कॅम्प तीन.

जेवणाची वेळ टळून गेली. एकशे साठ-पासष्टाव्या कागदावर ते अडकले. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. त्यावर चहाचा एक गोल होता, बाकी काही नाही. खूण नाही, तारीख नाही.

"ह्याचा लागला का?"

मी म्हटलं, माहीत नाही, टेकचंदला विचारायला हवं. धोंडिबा उठले. खुंटीवरचा शर्ट काढून त्यांनी अंगात घातला, बटणं लावली आणि सुनेला सांगितलं की मी उल्हासनगरला जाऊन येतो, जेवणाला थांबू नका. मी पिशवी सावरेपर्यंत ते तो कागद हातात घेऊन अंगणात उतरलेही होते. माझं बाइंडिंग केलेलं पुस्तक खाटेवरच राहिलं, आणि ते घ्यायला परत फिरायची माझी हिंमत झाली नाही.